पेनड्राइव्हवरचा संगणक : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या हलक्या लिनक्सची (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत संगणक प्रणालीची) ओळख करून दिली होती. भर दोन प्रणालींवर होता, पपी लिनक्स आणि अँटिएक्स. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सगळी पत्रं एकत्र वाचली की एक गोष्ट लगेच दिसते. पेनड्राइव्ह वाचायला बरा आणि लिहायला वाईट, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी या एकाच स्वभावातून आल्या आहेत. त्यामुळे उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : माझ्याकडे २०१४ चा लॅपटॉप आहे. कोअर आय३, ४ जीबी रॅम, विंडोज १०. विंडोज ११ त्यावर चढत नाही. हार्ड डिस्कवरचं काहीही न पुसता पेनड्राइव्हवरून काम करायचं आहे. पेनड्राइव्ह किती जीबीचा घेऊ आणि पहिल्यापासून कसं करू? (शिक्षिका, चिपळूण)

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. पण पपीसाठी हे यंत्र चांगलंच दणकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली मुळात अशाच यंत्रांसाठी आहे. तुम्ही तिची बुकवर्मपप६४ ही आवृत्ती घ्या. ती डेबियन १२ या मोठ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली आहे, म्हणून डेबियनच्या भांडारातली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे संच) सिनॅप्टिक या सॉफ्टवेअर बसवायच्या साधनातून घेता येतात.

१६ जीबी पुरतात. ३२ चा ड्राइव्ह किमतीत फारसा वर जात नसेल तर तो घ्या. आकड्यापेक्षा ड्राइव्ह कोणता हे महत्त्वाचं. ओळखीच्या कंपनीचा, यूएसबी ३ चा, पक्क्या बिलाचा घ्या. पाकिटावर ‘१०० एमबीपर्यंत’ असं छापलेलं असतं तो वाचण्याचा वेग असतो. लिहिण्याचा वेग बहुधा छापतच नाहीत, त्याला कारण आहे.

पहिली पायरी म्हणजे आयएसओ फाईल (सगळी प्रणाली असलेली एकच फाईल) उतरवून तिची चेकसम (फाईल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवणं. हे टाळून पुढे गेलात आणि डाउनलोड अर्धवट झालेलं असलं, तर प्रणाली सुरू होताना मध्येच अडकते आणि दोष पेनड्राइव्हला दिला जातो. मग विंडोजमध्येच रुफस हे पेनड्राइव्ह लिहायचं सॉफ्टवेअर उघडा, ड्राइव्ह निवडा आणि फाईल सिस्टिम (ड्राइव्हवर फाईली मांडायची पद्धत) फॅट३२ ठेवा. लिहिण्याची पद्धत विचारली तर ‘आयएसओ’ निवडा, ‘डीडी’ नको. आयएसओ पद्धतीत ड्राइव्ह साधा फॅट३२ राहतो, विंडोजलाही दिसतो आणि उरलेली जागा वापरता येते.

आता लॅपटॉप बूट मेन्यूतून पेनड्राइव्हवर सुरू करा (कळा पुढच्या एका उत्तरात दिल्या आहेत). पपी स्वतःच्या मुख्य फाईली रॅममध्ये उचलून घेते. एरवी मिनिटभरात होणारं हे काम यूएसबी २ च्या पोर्टवर आणि मंद ड्राइव्हवर दोन मिनिटं घेईल. एकदा उचलून झालं की पेनड्राइव्हची गरज जवळजवळ संपते. म्हणूनच जुन्या यंत्रावरही मेन्यू झटकन उघडतात.

पहिल्या वेळी काहीच जतन केलेलं नसतं. वाय-फाय, कीबोर्ड, वेळेचा पट्टा एवढं लावा आणि संगणक बंद करा. बंद होताना पपी विचारते, ‘सत्र जतन करायचं का?’ हो म्हणा. फॅट३२ वर ती एक सेव्ह फाईल तयार करते. आकार २ जीबी द्या आणि आतली रचना एक्सट४ (लिनक्सची फाईल सिस्टिम) निवडा. फॅट३२ वर एका फाईलची कमाल मर्यादा ४ जीबी आहे, त्यापुढे जाता येत नाही. कूटबद्ध करायचं का असं विचारलं तर सरावाच्या पहिल्या ड्राइव्हवर नको म्हणा.

एवढ्यावर काम चालतं. पण वर्षभर हाच ड्राइव्ह वापरायचा असेल तर एक पाऊल पुढे जा. सेव्ह फाईल तयार होण्याआधी, पहिल्याच सत्रात, डेस्कटॉपवरच्या पेनड्राइव्हच्या चिन्हावरून तो अनमाउंट करा (प्रणालीपासून सोडवा) आणि जीपार्टेड या डिस्कचे भाग पाडायच्या साधनात फॅट३२ चा भाग ४ जीबीपर्यंत आकसून उरलेल्या जागेत एक्सट४ चं पार्टिशन करा. मग बंद करताना पपीला एक्सट४ चा भाग दाखवा. तिथे ती सेव्ह फाईलऐवजी सेव्ह फोल्डर करते, म्हणजे आकार आधी ठरवावा लागत नाही आणि तो भरून अडकतही नाही. जीपार्टेडमध्ये वर उजवीकडे कोणती डिस्क निवडली आहे ते दोनदा वाचा. तुमची हार्ड डिस्क त्याच यादीत असते.

प्रश्न : सूचनेप्रमाणे सेव्ह फाईल केली. सुरुवातीला छान चाललं. दोन महिन्यांनी डेस्कटॉपच येईना, काळ्या पडद्यावर अक्षरं येऊन थांबतं. आमच्याकडे दिवसातून दोनदा वीज जाते, त्याचा संबंध आहे का? (दुकानदार, परभणी)

असू शकतो. पण आधी दुसरं कारण तपासा, कारण ते जास्त वेळा आढळतं. सेव्ह फाईल भरली असेल. डाउनलोड, फोटो, बिलांच्या पीडीएफ हे सगळं घरच्या फोल्डरमध्ये टाकत गेलं की २ जीबी भरायला दोन महिने पुरतात. भरलेल्या सेव्ह फाईलमध्ये डेस्कटॉपला स्वतःच्या चिल्लर नोंदी लिहायलाही जागा उरत नाही, म्हणून तो उघडत नाही.

बूट मेन्यूत सेव्ह फाईल न वापरता सुरू करण्याची नोंद असेल तर ती निवडा. नसेल तर मेन्यूच्या नोंदीवर ‘ई’ दाबून बूटच्या ओळीच्या शेवटी पीफिक्स=रॅम (pfix=ram) असं इंग्रजी अक्षरांत लिहा, मध्ये जागा न सोडता. पपी कोरी सुरू होईल. मग सेव्ह फाईलवर क्लिक करा, ती फोल्डरसारखी उघडते. मोठ्या फाईली तिच्यातून बाहेर काढा, पेनड्राइव्हच्या मोकळ्या भागात ठेवा आणि पुन्हा क्लिक करून ती बंद करा. यापुढे कागदपत्रं थेट त्या मोकळ्या भागातच ठेवायची. चालू पपीत तो एमएनटीखालच्या ‘होम’ नावाच्या फोल्डरात दिसतो. नावावरून ते घरचं फोल्डर वाटतं, पण प्रत्यक्षात ते सेव्ह फाईलच्या बाहेरचं आहे. हा गोंधळ पपीत पहिल्यापासून आहे.

लिबरऑफिससारखी मोठी सॉफ्टवेअर सेव्ह फाईलमध्ये बसवण्यापेक्षा त्यांची एसएफएस फाईल (दाबून बंद केलेलं तयार सॉफ्टवेअर) मिळते का ते बघा. ती बाहेर पडून राहते, लागेल तेव्हा जोडली जाते आणि सेव्ह फाईल फुगत नाही.

आता विजेचं. लिहिता लिहिता पुरवठा गेला तर सेव्ह फाईलच्या आतली फाईल सिस्टिम तुटते. यावर उपाय म्हणजे बूटच्या ओळीत पीफिक्स=एफएससीके (pfix=fsck). सुरू होण्यापूर्वी ती तपासून दुरुस्त केली जाते. पण मुळातच कमी वेळा लिहिलं तर तुटण्याची संधीही कमी. पपी पेनड्राइव्हवरून नीट चालत असेल तर डेस्कटॉपवर ‘सेव्ह’ नावाचं चिन्ह दिसतं. ते असेल तर तुमचं सगळं काम आधी रॅममध्ये होतं आणि ठरावीक वेळाने, मुळात दर ३० मिनिटांनी, ड्राइव्हवर उतरतं. पपी इव्हेंट मॅनेजरमध्ये हा आकडा ० करा. मग ते फक्त तुम्ही ‘सेव्ह’ दाबाल तेव्हा किंवा बंद करताना उतरेल. वीज गेली तर शेवटच्या ‘सेव्ह’नंतरचं काम जाईल हे मात्र डोक्यात ठेवा. हिशेबाची फाईल बंद केली की ‘सेव्ह’ दाबायची सवय लावा.

ते चिन्हच दिसत नसेल तर पपी प्रत्येक बदल तिथल्या तिथे ड्राइव्हवर लिहीत असण्याची शक्यता आहे. बूटच्या ओळीत पीमीडिया (pmedia) या शब्दापुढे काय आहे ते बघा. तिथे यूएसबीफ्लॅश (usbflash) हवं. काही वेळा आयएसओमधली मूळ नोंद सीडीसाठीची असते आणि ती तशीच राहून जाते.

आणि सेव्ह फाईलची प्रत. फॅट३२ वरची ही फाईल विंडोजमध्येही साध्या फाईलसारखी दिसते, नावाच्या शेवटी ४एफएस असतं. महिन्यातून एकदा ती उचलून हार्ड डिस्कवर ठेवा. बिघडली तर जुनी परत टाकली की झालं. इतका सोपा बॅकअप दुसऱ्या फारशा प्रणालींत नाही. (सेव्ह फोल्डरची प्रत मात्र लिनक्समधूनच घ्यावी लागते, विंडोज एक्सट४ वाचत नाही.)

प्रश्न : उबुंटू लिनक्स पेनड्राइव्हवर ‘पर्सिस्टन्स’सह (केलेले बदल जतन राहतील असं) टाकलं. ब्राउझर उघडला की दहा-दहा सेकंद सगळं गोठतं. रॅम ८ जीबी आहे. मग अडतं कुठे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, इचलकरंजी)

ड्राइव्हच्या लिहिण्यात. फ्लॅश मेमरीत ४ केबी बदलायचे असले तरी पुसायचा तुकडा फार मोठा असतो, काही शे केबींपासून काही एमबींपर्यंत. एसएसडीतला कंट्रोलर हुशार असतो, तो छोट्या नोंदी गोळा करून सोयीने लिहितो. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये तेवढी अक्कल बसवलेली नसते. मोठी फाईल सलग लिहिताना सेकंदाला १५-२० एमबी देणारा ड्राइव्ह अशा बारीक, विखुरलेल्या लेखनात १ एमबीच्याही खाली येतो. आणि ब्राउझरचं लेखन नेमकं तसलंच असतं, म्हणजे कॅश, कुकी, इतिहास. फायरफॉक्स तर उघडलेल्या टॅबची नोंद मुळात दर १५ सेकंदांनी लिहितो.

उबुंटूच्या पर्सिस्टन्समध्ये हे सगळं थेट ड्राइव्हवर जातं, मधे रॅमचा मुक्काम नाही. फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिग पानावर डिस्क-कॅशची ‘ब्राउझर.कॅश.डिस्क.एनेबल’ ही नोंद ‘फॉल्स’ करा आणि ‘ब्राउझर.सेशनस्टोअर.इंटर्व्हल’ १५००० वरून ३००००० करा. आकडा मिलिसेकंदांत असल्याने हे झाले पाच मिनिटं. फरक लगेच जाणवेल.

तुमच्या पत्रात ‘सगळे अपडेट केले’ असंही आहे. पुन्हा करू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवर मूळ प्रणाली दाबून बंद केलेल्या, न बदलता येणाऱ्या फाईलमध्ये असते आणि तुमचे बदल तिच्यावरच्या थरात जातात, छापील नकाशावर ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरसारखे. अपडेटने जुनं पॅकेज पुसलं जात नाही, नवं फक्त वरच्या थरात बसतं आणि जागा दुप्पट जाते. नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) तर बसूनही कामाला येत नाही, कारण बूट होताना मूळ आयएसओतलाच कर्नल घेतला जातो. ब्राउझर तेवढा अद्ययावत ठेवा. बाकी प्रणालीची नवी आवृत्ती आली की ड्राइव्ह नव्याने लिहा.

रोज चार-सहा तास वापरणार असाल तर पेनड्राइव्हचा नाद सोडा. १२० किंवा २४० जीबीचा साटा एसएसडी आणि यूएसबी ३ चं खोकं घ्या आणि त्यावर उबुंटू नेहमीसारखं, म्हणजे लाइव्ह नव्हे, बसवा. बसवताना बूट लोडर कोणत्या डिस्कवर जातो आहे ते तपासा, नाहीतर तो लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर जाऊन बसतो आणि बाहेरची डिस्क काढली की विंडोजही सुरू होताना अडखळतं. खात्री नसेल तर बसवण्यापुरती आतली डिस्क काढून ठेवणं सर्वांत सुरक्षित.

प्रश्न : बूट मेन्यूच येत नाही. आला तरी पेनड्राइव्ह दिसत नाही. (तीन वाचकांचा प्रश्न, एकत्र घेतला आहे)

डेल, लेनोवो, एसर यांवर एफ१२. एचपीवर आधी एस्केप, मग एफ९. असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरमध्ये ही सोय अनेकदा बंद असते. आधी एफ२ ने बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून ‘एफ१२ बूट मेन्यू’ चालू करावं लागतं. ज्या लॅपटॉपवर एफच्या कळा आवाज-प्रकाशासाठी वापरल्या जातात, तिथे एफएन दाबून धरा.

विंडोजमधून ‘शट डाउन’ केल्यावर खटपट करू नका, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन हे खरं बंद होणं नसतं, अर्धवट झोप असते, आणि काही यंत्रं त्यातून उठताना कळेकडे लक्षच देत नाहीत.

मेन्यू आला पण ड्राइव्ह नाही, किंवा आहे पण ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ असा लाल चौकोन येतो, तर सिक्युअर बूट (फक्त मान्यता असलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद करा. त्याआधी एक काम न चुकता करा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत चालू असतं. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि तेव्हा ती नसेल तर हार्ड डिस्कवरचा मजकूर तुमच्यासाठी गेल्यात जमा.

२०१३-१५ च्या सुमाराच्या काही छोट्या ॲटम टॅबलेट-लॅपटॉपवर प्रोसेसर ६४-बिट आणि यूईएफआय (बायोसची जागा घेतलेली नवी प्रणाली) मात्र ३२-बिट असं विचित्र लग्न लावलेलं आहे. तिथे ड्राइव्हवर ३२-बिट यूईएफआयची बूट फाईल नसेल तर तो दिसतच नाही. अशा यंत्रासाठी अँटिएक्स वापरून बघा.

डेस्कटॉप असेल तर ड्राइव्ह मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टच्या आतल्या जुनाट वायरींमुळे कितीतरी चांगले ड्राइव्ह ‘खराब’ ठरले आहेत.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षात सहा जुने डेस्कटॉप आहेत. १ जीबी रॅम, ३२-बिट प्रोसेसर, हार्ड डिस्क बंद पडलेल्या. पेनड्राइव्हवर काही चालेल का? (मुख्याध्यापक, जव्हार तालुका)

चालेल, पण अपेक्षा आटोक्यात ठेवून. ३२-बिटची दारं एकेक करून बंद होत आहेत. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून सोडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर उरला नाही. म्हणून आधी प्रोसेसर खरंच ३२-बिट आहे का ते बघा. विंडोज ३२-बिट होतं म्हणजे प्रोसेसरही तसाच असं नाही. कोअर २ ड्युओ पिढीचे प्रोसेसर ६४-बिट असतात आणि त्यांवर वर्षानुवर्षं ३२-बिट विंडोज चाललेलं असतं.

खरोखर ३२-बिट असेल तर अँटिएक्स २३ ची ३२-बिट आवृत्ती घ्या. ती डेबियन १२ वर आहे आणि ५१२ एमबी रॅमवरही उभी राहते. लाइव्ह सत्रात वापरकर्ता ‘डेमो’, पासवर्डही ‘डेमो’, तर रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) पासवर्ड ‘रूट’. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी बदला.

१ जीबी रॅममध्ये सगळी प्रणाली रॅममध्ये उचलायचा पर्याय घेऊ नका, ब्राउझरला काही उरणार नाही. पर्सिस्टन्स निवडताना अँटिएक्स विचारतं, स्टॅटिक की डायनॅमिक? डायनॅमिकमध्ये बदल रॅममध्ये राहतात आणि बंद करताना ड्राइव्हवर उतरतात. हा जलद पण रॅम खाणारा प्रकार आहे. स्टॅटिक थेट ड्राइव्हवर लिहितं, मंद चालतं पण रॅम वाचवतं. तुमच्या यंत्रांवर पर्सिस्टन्स ठेवलात तर रूटसाठी (इथे मूळ प्रणालीतल्या बदलांसाठी) स्टॅटिक घ्या. आम्ही इतर ठिकाणी उलटं सांगतो आहोत हे मान्य, पण १ जीबीत दुसरा मार्ग नाही. निदान ड्राइव्ह तरी चांगले घ्या.

सहा ड्राइव्ह वेगवेगळे लावत बसू नका. एका ड्राइव्हवर फॉन्ट, कीबोर्ड, मुलांची सॉफ्टवेअर असं सगळं बसवा, मग अँटिएक्सचं ‘रीमास्टर’ चालवा. वरच्या थरातले बदल त्यात मूळ फाईलमध्ये मुरवले जातात आणि थर पुन्हा रिकामा होतो. त्या ड्राइव्हवरून लाइव्ह यूएसबी मेकरने बाकीचे पाच काढा. मुलांच्या ड्राइव्हवर पर्सिस्टन्स ठेवूच नका. कोणी काहीही उलटसुलट केलं तरी पुन्हा सुरू केल्यावर कक्ष जसाच्या तसा.

आणि रॅम. जुने डीडीआर२ चे १-१ जीबीचे तुकडे दुरुस्तीवाल्यांकडे पडून असतात. दोन सारखे मिळाले आणि बोर्डात जागा असली तर त्यांनी जो फरक पडेल तो कुठल्याही सेटिंगने पडणार नाही.

प्रश्न : मराठी टाइप कसं करायचं? आणि जुन्या कृतिदेव, शिवाजी फॉन्टमधल्या फाईली उघडल्या तर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. (डीटीपी व्यावसायिक, सोलापूर)

मजकुराच्या जागी चौकोन दिसत असतील तर देवनागरी फॉन्ट नाही. सिनॅप्टिकमधून लोहित देवनागरी किंवा नोटोचं मूळ पॅकेज बसवा.

टायपिंगचे दोन रस्ते आहेत. इन्स्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड मांडणी) येत असेल तर काहीच बसवावं लागत नाही. कीबोर्डच्या मांडणीत ‘इंडियन’ जोडा आणि बदलायची कळ ठरवा. ‘ळ’ शिफ्ट-एनवर. ‘ऱ्हास’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ्य-ऱ्ह हवा असेल तर शिफ्ट-जे, मग डी, मग पुढचं व्यंजन. अनेक जण नुसता जे वापरतात आणि मग ‘दुसर्या’ असं रफाराचं रूप उमटतं. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांनी आयबस (टायपिंगच्या भाषा सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचं एम१७एन पॅकेज बसवावं. त्यात मराठीसाठी आयट्रान्स, गमभन, फोनेटिक आणि रेमिंग्टन टंकलेखन यंत्राची मांडणीही आहे.

लिबरऑफिसमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी अक्षर बदलत नाही अशी तक्रार तुम्ही पुढे केली आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून तिथे मराठी निवडा. मग ‘फॉरमॅट’मधल्या ‘कॅरेक्टर’च्या खिडकीत देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठरवता येतो.

कृतिदेव, शिवाजी हे युनिकोड फॉन्ट नाहीत. त्या फाईलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. तुमच्याकडचे फॉन्ट घरच्या फोल्डरातल्या ‘.फॉन्ट्स’ या लपलेल्या फोल्डरात (नाव अर्थात इंग्रजीत, सुरुवातीला टिंब) टाकले की फाईली वाचता येतील. मजकुरात शोध, वर्णक्रम, ई-मेल हे सगळं हवं असेल तर मात्र युनिकोडमध्ये रूपांतर करूनच घ्या. रूपांतरानंतर रफार, पोटातला र आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात.

प्रश्न : हार्ड डिस्कवरच्या विंडोजच्या फाईली दिसतात, पण त्यांत काही लिहिता येत नाही. (ठाणे)

फास्ट स्टार्टअपची तीच अर्धवट झोप. विंडोज नीट बंद न झाल्याने लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडतं, आणि ते बरोबरच आहे. जबरदस्तीने लिहिलं तर विंडोज जागं झाल्यावर स्वतःच्या जुन्या आठवणीवरून डिस्क बिघडवेल. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, किंवा पॉवरच्या सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा.

प्रश्न : ऑनलाइन ३५० रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळाला. पपी चढली, पण आठवड्याने फाईली उघडेनात. (लातूर)

तो २ टीबीचा नाहीच. आत बहुधा काही जीबींचीच चिप आहे आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलं आहे. खरी जागा संपल्यावर लिहिलेलं एक तर हरवतं किंवा आधीच्या मजकुरावर चढतं. नाव आणि आकार नीट दिसतो, आतला मजकूर मात्र कचरा. सुरुवातीच्या भागात बसलेली पपी म्हणूनच आठवडाभर धडधाकट वाटली.

नवा ड्राइव्ह घेतला की पहिल्याच दिवशी पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. दोन्ही आधी ड्राइव्ह भरतात, मग तेच परत वाचून जुळवतात. सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या ३२ जीबीच्या ड्राइव्हला लिहायला पाऊण ते एक तास लागेल, वाचायला त्याहून कमी. परतीची मुदत संपायच्या आत करा.

थोडक्यात काही

_पेनड्राइव्ह लिहून झाल्यावर विंडोज त्याची जागा अवघी काही एमबी दाखवतं आणि सारखं फॉरमॅट करू का विचारतं (नांदेड)._ डीडी पद्धतीने लिहिला आहे, जागा कुठे गेलेली नाही. विंडोजमधलं डिस्कपार्ट (आज्ञा लिहून चालवायचं डिस्कचं साधन) उघडा, डिस्कची यादी घ्या, आकारावरून पेनड्राइव्ह ओळखा, तो निवडून ‘क्लीन’ द्या आणि नव्याने फॉरमॅट करा. क्रमांक चुकला तर हार्ड डिस्क ‘क्लीन’ होईल. बाकीचे बाह्य ड्राइव्ह आधी काढून ठेवा.

_लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे (पणजी)._ लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर धरतं, विंडोज स्थानिक वेळेवर. पपीच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर घड्याळ ‘लोकल टाइम’ करा.

_एकही साइट उघडत नाही, सगळीकडे ‘सुरक्षित नाही’ (अकोला)._ तारीख बघा. काही वर्षं मागची असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. प्रमाणपत्रांच्या मुदती तारखेवर तपासल्या जातात.

_वाय-फाय ओळखत नाही (सातारा)._ बहुधा फर्मवेअर (वाय-फायची चिप चालवायला लागणारी फाईल) हवं, आणि ते उतरवायला इंटरनेट हवं. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, काही न बसवता नेट मिळतं.

_पपीत ब्राउझरने उतरवलेली फाईल सापडत नाही (नाशिक)._ पपीत तुम्ही रूट असता, पण ब्राउझर सुरक्षेसाठी ‘स्पॉट’ नावाच्या दुय्यम वापरकर्त्याकडून चालतो. स्पॉटच्या डाउनलोड्स फोल्डरात बघा.

_पेनड्राइव्ह हरवला तर? (मुंबई)_ सापडलेल्याला सगळं वाचता येतं. ग्राहकांचे कागद ठेवायचे असतील तर अँटिएक्सच्या लाइव्ह यूएसबी मेकरमध्ये कूटबद्ध ड्राइव्ह करण्याचा पर्याय घ्या. तो ड्राइव्ह तयार करतानाच घ्यावा लागतो, नंतर चढवता येत नाही.

_टॅली चालेल का? (जळगाव)_ ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. हिशेबाचं काम अशा आडवळणाने करू नका.